बास मासेमारीची पुस्तकं: गरवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐरोलीतल्या माझ्या घरी मासेमारीच्या पुस्तकांचं एक कपाट आहे. त्यातली पुस्तकं मी ठाणे, कळवा, वाशी, बेलापूर भागातल्या गरवणाऱ्या, म्हणजे गळानं मासे धरणाऱ्या, मित्रांना वाचायला देतो. पुस्तक नेताना, परत आणताना आणि मधल्या काळात फोनवर तेच ते प्रश्न येत राहतात. ते सगळे इथे एका जागी आणले आहेत. उत्तरं एकमेकांत शिरू नयेत म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बास म्हणजे नेमका कोणता मासा? आपल्या खाडीत किंवा तलावात तो मिळतो का?

अमेरिकन पुस्तकात नुसतं ‘बास’ लिहिलेलं असेल तर बहुतेक वेळा तो लार्जमाउथ बास असतो. शास्त्रीय नाव मायक्रोप्टेरस साल्मॉइडिस. हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला गोड्या पाण्यातला शिकारी मासा. त्याचा भाऊबंद स्मॉलमाउथ बास. दोघांतला फरक तोंडावरून कळतो: लार्जमाउथच्या वरच्या जबड्याचं टोक डोळ्याच्याही मागे जातं, स्मॉलमाउथचं जात नाही.

हे दोन्ही मासे ठाण्यातल्या मासुंदा तलावात नाहीत, उपवन तलावात नाहीत आणि ठाण्याच्या खाडीतही नाहीत. बाजारात ‘सी बास’ म्हणून विकला जातो तो आपला जिताडा, आणि तो वेगळ्याच कुळातला. त्याच्याबद्दल प्रश्न ८ पाहा.

२. मासाच इथे नाही, मग त्याची पुस्तकं वाचून काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि तो रास्त आहे.

गोड्या पाण्यातल्या एखाद्या शिकारी माशावर इतकं बारकाईनं, इतकी वर्षं आणि इतक्या लोकांनी लिहिलंय असा बाससारखा दुसरा मासा क्वचितच सापडेल. तो आडोशाला दबा धरून बसतो. बुडालेलं झाड, दगडांची रास, पाणवनस्पतीची कड, उथळ पाणी संपून एकदम खोल होतं ती धार, अशा जागा तो निवडतो. भक्ष्य टप्प्यात आलं की झडप, नाहीतर गप्प. आता हेच वर्णन आपल्या मरळीला लावून बघा. जिताड्याला लावून बघा. तांबोशीला लावून बघा. शब्दही बदलावा लागत नाही.

आपल्याकडे गळ टाकणारे बहुतेक जण कटला-रोहूच्या सवयीवर वाढलेले असतात. कणकेचा गोळा लावायचा, चारा टाकायचा, बसायचं आणि मासा येईल याची वाट बघायची. बासची पुस्तकं याच्या उलट शिकवतात: मासा कुठे असेल ते आधी ठरवा आणि आमिष त्याच्या दारात नेऊन टाका. ही एक गोष्ट डोक्यात बसली तरी पुस्तकाची किंमत वसूल झाली.

३. एकच पुस्तक घ्यायचं असेल तर कोणतं?

मार्क सोसिन आणि जॉन क्लार्क यांचं ‘थ्रू द फिशेस आय’, १९७३ सालचं. हे फक्त बासचं पुस्तक नाही, आणि म्हणूनच मी ते पहिलं देतो. मासा बघतो कसा, ऐकतो कसा, वास कसा घेतो, पाण्याचं तापमान आणि प्राणवायू यांचा त्याच्यावर काय परिणाम होतो, हे त्यात साध्या इंग्रजीत समजावलं आहे. ते कुठल्या एका तलावाला किंवा देशाला बांधलेलं नाही. दहावीपर्यंतचं इंग्रजी पुरतं.

दुसरं घ्यायचं असेल तर ‘इन-फिशरमन’ मासिकाच्या मंडळींनी काढलेलं ‘लार्जमाउथ बास: अॅन इन-फिशरमन हँडबुक ऑफ स्ट्रॅटेजीज’. अल आणि रॉन लिंडनर या भावांनी ते मासिक सुरू केलं आणि एक साधं सूत्र लोकांपुढे ठेवलं: मासा, अधिक जागा, अधिक आमिष देण्याची पद्धत, बरोबर यश. सूत्र ऐकायला शाळकरी वाटतं, पण क्रम नीट बघा. आमिष शेवटी आहे. आपण मात्र दुकानातून आधी ल्युअर, म्हणजे खोटं आमिष, घेतो, आणि मासा कोणता, जागा कुठली, याचा विचार पाण्यावर पोचल्यावर करतो.

४. माझ्याकडे आजोबांच्या काळातली पुस्तकं आली आहेत. ती आता जुनी झाली का?

टाकू नका. इथल्या गरवणाऱ्याला नव्या पुस्तकांपेक्षा जुनी जास्त उपयोगाची पडतात असं माझं ठाम मत आहे, आणि त्याला कारण आहे.

अमेरिकेत १९४९ मध्ये निक क्रीमनं मऊ प्लास्टिकचा किडा बनवला आणि १९५७ मध्ये लोअरन्स कंपनीचं, आवाजाच्या लहरींवरून तळ दाखवणारं छोटं सोनार यंत्र बाजारात आलं. पुढे १९६७ पासून रे स्कॉटनं बासच्या मोठ्या स्पर्धा भरवायला सुरुवात केली. त्यानंतरची बरीच पुस्तकं वेगवान बोट, पडद्यावर दिसणारा तळ आणि पाच-सहा रॉड गृहीत धरून लिहिलेली आहेत. आपण काठावर उभे असतो. हातात एक रॉड, पायात चिखल. सोनारच्या आधीच्या लेखकाची अवस्था हीच होती. त्याला पाण्याचा रंग, वाऱ्याची दिशा, काठाचा उतार आणि पक्ष्यांची हालचाल यांवरूनच तळाचा अंदाज बांधावा लागायचा, आणि तो अंदाज कसा बांधला हे त्यानं लिहून ठेवलंय.

यातली तीन नावं लक्षात ठेवा. जेम्स हेन्शल या डॉक्टरांचं ‘बुक ऑफ द ब्लॅक बास’ (१८८१). बासवरचं हे पायाभूत पुस्तक. ट्राउटपुढे बासला कमी लेखणाऱ्यांना त्यांनी दिलेलं ते सविस्तर उत्तर होतं. पुस्तकाच्या सुरुवातीचा बराच भाग माशाच्या वर्गीकरणावर आणि नावांच्या घोळावर आहे. तो भाग पहिल्या वाचनात खुशाल सोडा आणि सवयी, हवामान, आमिष यांच्या प्रकरणांवर या. दुसरं रे बर्गमनचं ‘फ्रेश-वॉटर बास’ (१९४२). शांत, सविस्तर, चुका कबूल करणारा माणूस. तिसरं जेसन ल्युकसचं ‘ल्युकस ऑन बास फिशिंग’ (१९४७). ल्युकस ‘स्पोर्ट्स अफील्ड’ मासिकाचे मासेमारी संपादक होते आणि त्यांची मतं कडक असतात. बर्गमन वाचल्यावर ल्युकस वाचा. दोघं जिथे भांडतात तिथे आपण पाण्यावर जाऊन खरं-खोटं करायचं असतं.

५. मासा नेमकं काय बघतो, यावर खोलात शिरणारं पुस्तक आहे का?

आहे. कीथ जोन्स यांचं ‘नोइंग बास’. जोन्स आमिषं बनवणाऱ्या बर्कली कंपनीच्या प्रयोगशाळेत माशांवर संशोधन करत. टाक्यांतल्या माशांवरच्या प्रयोगांतून रंग, आकार, चव आणि वास यांना बास कसा प्रतिसाद देतो हे त्यांनी मांडलंय. वाचायला थोडं जड आहे, म्हणून प्रश्न ३ मधलं पहिलं पुस्तक आधी वाचून मग याकडे या.

या विषयातली एक गोष्ट प्रत्येकानं स्वतः करून बघावी अशी आहे. माशाला पाण्याच्या खालून वरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे काठापासून आकाशापर्यंतचं सगळं दृश्य साधारण ९७ अंशांच्या शंकूत गोळा होतं. जमिनीलगतच्या वस्तू त्या खिडकीच्या कडेला चेपून जातात. म्हणजे काठावर ताठ उभा राहिलेला माणूस माशाला दिसतो, आणि दोन पावलं मागे सरून उकिडवा बसलेला माणूस जवळजवळ नाहीसा होतो.

हे वाचल्यावर मी शिळफाट्याच्या पुढच्या एका शेततळ्यावर मालकाला विचारून गेलो. बांधाच्या अलीकडे गुडघ्यांवर बसलो आणि तिथूनच गवताच्या कडेला बेडकाचा ल्युअर टाकला. त्याआधी दोन रविवार मी त्याच जागी उभा होतो आणि फक्त पाण्यात उठणारी बाणासारखी रेघ बघत होतो, म्हणजे मरळ मला बघून पळत होती. त्या दिवशी बांधापासून हातभर अंतरावर पाणी फुटलं. मरळ जेमतेम पाऊण किलोची होती, पण दोन रविवार मी कुठे चुकत होतो ते तिनं दाखवलं.

६. पौंड टेस्ट, औंस, फॅरनहाइट यांत मी अडकतो. सोपा हिशेब सांगा.

तंगूस (नायलॉनची दोरी) आणि ब्रेड (विणलेली दोरी) यांच्या रिळावर पौंडात ताकद लिहिलेली असते, तीच पौंड टेस्ट. पौंडाचा आकडा निम्मा करा आणि त्यातून थोडं वजा करा की किलो मिळतो: १० पौंड म्हणजे साडेचार किलो, २० पौंड म्हणजे नऊ. ल्युअरचं वजन औंसात असतं. पाव औंस सात ग्रॅम, अर्धा औंस चौदा ग्रॅम. फॅरनहाइटमधून ३२ वजा करून निम्मं करा आणि त्यात थोडी भर घाला. ६० फॅरनहाइट म्हणजे साधारण साडेपंधरा सेल्सिअस, ८० म्हणजे जवळपास सत्तावीस.

हे आकडे पेन्सिलनं पुस्तकाच्या समासात लिहून ठेवा. माझ्या कपाटातल्या पुस्तकांतही खुशाल लिहा, पुढच्या वाचकाला मदतच होते.

७. पुस्तकात सगळं वसंत, हिवाळा, ‘प्री-स्पॉन’ (अंडी घालण्याआधीचा काळ) असं आहे. आपल्याकडे बर्फ पडत नाही. ही प्रकरणं कशी वाचायची?

महिन्यांची नावं विसरा आणि घटना धरा. बासचं वर्ष पाण्याच्या तापमानावर फिरतं. वसंतात पाणी साधारण पंधरा अंशांच्या वर गेलं की तो उथळ पाण्यात येतो, नर शेपटीनं तळाशी खोलगट घरटं करतो, मादी अंडी घालून जाते आणि नर अंडी व पिल्लं राखत बसतो. त्या काळात तो भूक नसतानाही जवळ येणाऱ्यावर तुटून पडतो.

आपलं वर्ष पावसावर फिरतं. जूनमध्ये तळी भरली, शेतं पाण्याखाली गेली की मरळ उथळ, गवताळ पाण्यात येते. तीही पिल्लं राखते. जुलै-ऑगस्टमध्ये एखाद्या तळ्यावर नीट बघा: पाण्याच्या पृष्ठभागावर परातीएवढा लालसर ठिपका खदखदताना दिसेल. ती मरळीची पिल्लं. त्यांना हवेतला श्वास घ्यावा लागतो म्हणून ती सगळी मिळून वर येतात, क्षणभर पाणी उकळल्यासारखं होतं, परत खाली जातात. त्यांच्या खाली, हात-दीड हातावर, आई-बाप असतात.

या ठिपक्यावर ल्युअर टाकला तर मरळ हमखास लागते. अमेरिकेत घरट्यावरचा बास पकडावा की नाही यावर गरवणाऱ्यांत कायम वाद चालतो. तो वाद वाचा आणि आपलं मत बनवा. माझं मत असं आहे की पिल्लांवरची मरळ धरू नये. राखणदार गेला की इतर मासे तो सगळा ठिपका काही मिनिटांत फस्त करतात, आणि पुढच्या वर्षी ते तळं रिकामं असतं.

राहिली हिवाळ्याची प्रकरणं. थंड पाण्यातला सुस्त बास आणि एप्रिल-मेच्या दुपारी आटलेल्या तळ्यातली सुस्त मरळ, दोघांनाही आमिष सावकाश आणि नाकाजवळ द्यावं लागतं. कारण वेगळं असलं तरी उपाय तोच.

८. मला जिताडा पकडायचाय. बासच्या पुस्तकातून चालेल का?

अर्धंच चालेल. जिताडा म्हणजे लेट्स कॅल्कॅरिफर, ऑस्ट्रेलियातला बॅरामुंडी. दबा धरण्याची सवय बाससारखी, म्हणून आडोसा आणि धार यांवरची प्रकरणं (प्रश्न २ आणि ३) जशीच्या तशी लागू होतात. पण लार्जमाउथ बासवरच्या बहुतेक पुस्तकांत भरती-ओहोटी जवळपास नसतेच, आणि जिताड्याचं सगळं घड्याळ त्यावर चालतं. ती उणीव ऑस्ट्रेलियन लिखाणानं भरून काढा. उत्तर ऑस्ट्रेलियात पावसाळ्याच्या शेवटी पूरमैदानावरचं पाणी नाल्यांतून नदीत उतरतं तेव्हा त्या नाल्यांच्या तोंडाशी, गढूळ आणि स्वच्छ पाण्याच्या सीमेवर बॅरामुंडी उभा राहतो. तिकडच्या मासेमारीच्या पुस्तकांत आणि मासिकांत या काळावर भरपूर लिहिलेलं असतं.

आता हे चित्र आपल्या खारभूमीवर ठेवा. बांध, बांधाला उघाडी (पाणी सोडायचं दार), ओहोटी लागली की उघाडीतून खाडीत पडणारं पाणी आणि त्याबरोबर येणारी कोळंबी, बोयरं. जिताडा त्या प्रवाहात नसतो, प्रवाहाच्या बाजूच्या संथ पाण्यात असतो. दिवाळे कोळीवाड्यातल्या एका काकांना मी हे पुस्तकातलं चित्र मोठ्या उत्साहानं दाखवलं. त्यांनी ते बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “आदी पानी बग, मंग गल टाक.” पुस्तकातल्या त्या प्रकरणाचा सारांश एवढाच आहे.

भरतीच्या वेळेसाठी आपल्याकडचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणनं गुणायचं. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. हा ढोबळ अंदाज आहे, आणि मुंबई बंदरापेक्षा ठाण्याच्या बाजूला पाणी उशिरा चढतं हेही धरा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात पळतं आणि अष्टमीच्या सुमारास, भांगेला, मंद, तेव्हा तुमच्या उघाडीवर कोणत्या तिथीला काय घडतं याची नोंद ठेवा.

एक गोष्ट मात्र फारच थोड्यांना माहीत असते: जिताडा नर म्हणून मोठा होतो आणि पुढे मादी होतो. म्हणजे सगळ्यांत मोठे जिताडे माद्या असतात. फोटो काढून मोठा मासा सोडून देणाऱ्याबद्दल मला म्हणूनच फार आदर आहे.

९. भारतीय पाण्यावरची पुस्तकं सांगा ना!

सांगतो, आणि आनंदानं.

हेन्री सलिव्हन थॉमस मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी होते. त्यांचं ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ मध्ये आलं. त्यात महसीर या नदीतल्या मोठ्या माशावर भर आहे. पण ठाण्यातल्या माणसानं त्यांचं दुसरं पुस्तक आधी वाचावं: ‘टँक अँगलिंग इन इंडिया’ (१८८७). नावाप्रमाणे ते तळ्यांवरच्या गळाबद्दल आहे, आणि आपलं शहर तलावांचं. चारा कसा टाकायचा, तळ्यातला मासा आमिष कसं चाखतो आणि सोडतो, यावरचं त्यांचं निरीक्षण आजही ताजं वाटतं. साहेबी काळातली भाषा खटकेल, ती सोडून द्या.

ए. सेंट जे. मॅकडोनल्ड यांचं ‘सर्कमव्हेंटिंग द महसीर’ बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं १९४८ मध्ये काढलं. भारत आणि ब्रह्मदेशातल्या नद्यांवरचं हे पुस्तक, पण ल्युअर आणि चमच्यासारखी धातूची आमिषं यांवरची प्रकरणं कुठेही उपयोगी पडतील.

मासा ओळखण्यासाठी फ्रान्सिस डे यांचं ‘द फिशेस ऑफ इंडिया’ (१८७५–७८). चित्रं डोळे भरून बघावीत अशी आहेत. नावं मात्र आता बरीच बदलली आहेत, त्यामुळे ताज्या नावांसाठी के. सी. जयराम यांचं ‘द फ्रेशवॉटर फिशेस ऑफ द इंडियन रीजन’ जवळ ठेवा. आपल्या खडस माशाचं, म्हणजे दख्खनच्या महसीरचं, शास्त्रीय नाव टोर खुद्री. सायक्स या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवर लिहिताना पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याची शास्त्रीय नोंद केली, आणि नावातलं ‘खुद्री’ इथल्याच लोकांच्या तोंडचं आहे.

आणि जिम कॉर्बेट. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ सगळे वाघांसाठी वाचतात. त्यात ‘द फिश ऑफ माय ड्रीम्स’ नावाचं एक प्रकरण आहे, महसीरवरचं. तेवढं एक प्रकरण वाचायला पुस्तक नेलंत तरी चालेल.

१०. गळानं मासे धरण्यावरचं जगातलं पहिलं पुस्तक वॉल्टनचं, हे खरं का?

नाही. आयझॅक वॉल्टनचं ‘द कम्प्लीट अँगलर’ १६५३ चं. त्याआधी इंग्रजीतच १४९६ मध्ये गळाच्या मासेमारीवरचा एक छोटा ग्रंथ छापला गेला होता. आणि त्याच्याही साडेतीनशे वर्षं आधी, बाराव्या शतकात, कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर यानं ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ नावाचा भाग आहे: मासे कोणते, ते समुद्रातले की नदीतले, त्यांना चारा काय घालायचा, गळ आणि दोरी कशी असावी, मासा लागल्यावर काय करायचं. दख्खनवर राज्य करणाऱ्या राजानं हे संस्कृतात लिहून ठेवलं आहे आणि आपण ते शाळेत कधी ऐकलेलं नसतं, याची मला मनापासून खंत वाटते. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये मूळ ग्रंथ छापलेला आहे. मत्स्यतज्ज्ञ सुंदरलाल होरा यांनी या भागावर इंग्रजीत लेख लिहिला आहे. संस्कृत येत नसेल तर तिथून सुरुवात करा.

११. इंग्रजी जमत नाही. मराठीत काय वाचू?

बासवर स्वतंत्र मराठी पुस्तक माझ्या कपाटात नाही. ‘कसं पकडायचं’ हे शिकण्यासाठी मी अशा मित्रांना दोन गोष्टी सांगतो. एक, प्रश्न ३ मधल्या पुस्तकांतली चित्रं आणि आकृत्या बघा. जिथे अडेल तिथे फोनवरचा अनुवाद वापरा. दोन, चेंदणी, दिवाळे, वाशीगाव, सारसोळे इथल्या कोळीवाड्यांत जाऊन बोला. आदरानं विचारलंत तर माणसं भरभरून सांगतात, आणि ते ज्ञान याच पाण्याचं असतं.

वाचनाच्या आनंदासाठी मात्र ‘एका कोळियाने’ घ्याच. हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’चा पु. ल. देशपांडे यांनी केलेला अनुवाद. दोरीवरचा ताण, तळहाताला पडलेला चरा आणि माशाबद्दलचा आदर मराठीत असा उतरलेला मी दुसरीकडे वाचला नाही. मुलांनाही मोठ्यानं वाचून दाखवता येतो. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून उभं आहे. सभासद असाल तर अशा पुस्तकांची चौकशी तिथूनच सुरू करा.

१२. पुस्तकं मिळतात कुठे? फुकट पीडीएफ घेतली तर चोरी होते का?

हेन्शल, थॉमस, डे यांच्या पुस्तकांची कॉपीराइटची मुदत संपलेली आहे. ती इंटरनेट अर्काइव्हवर पूर्ण वाचता येतात आणि उतरवून घेण्यात काहीच गैर नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलचे जुने अंकही बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर आहेत. त्यांत महसीरवरचे सुंदर लेख आहेत. सोसायटीचं ग्रंथालय फोर्टमध्ये हॉर्नबिल हाउसला आहे. सोसिन, जोन्स, लिंडनर यांची पुस्तकं मात्र विकतच घ्या.

जुन्या पुस्तकाची नवी छापील प्रत घेताना जपा. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून हेन्शल मागवला. जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, आणि आत स्कॅन केलेल्या पानांवर आकृत्यांच्या जागी काळे डाग. गळ आणि रीळ यांची जी चित्रं पाहण्यासाठी पुस्तक घेतलं तीच गायब. परतही घेतलं नाही. आतल्या पानांचा फोटो मागितल्याशिवाय अशी प्रत घेऊ नका. फोर्टच्या फुटपाथवर आणि माटुंग्याला जुन्या पुस्तकवाल्यांकडे अधूनमधून अमेरिकन मासेमारीची पुस्तकं निघतात. तिथे हातात घेऊन बघता तरी येतं.

१३. तंत्र नको, गोष्ट हवी. ट्रान्सहार्बर लोकलच्या प्रवासात वाचता येईल असं काही?

माँटी बर्क यांचं ‘साउबेली’ (२००५). जगातला सगळ्यांत मोठा बास पकडण्यासाठी आयुष्य पणाला लावणाऱ्या माणसांची ही खरी गोष्ट आहे. जॉर्ज पेरी नावाच्या शेतकरी तरुणानं २ जून १९३२ ला जॉर्जियात २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून जरा मोठा बास धरला. मंदीचा काळ होता, मासा घरी शिजला. तो विक्रम मोडायला पुढची सत्तर वर्षं लोक झटत होते.

पुस्तक संपल्यावर एक गोष्ट जोडून घ्या. ते छापून आल्यानंतर, २ जुलै २००९ ला जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी पेरीच्या माशाहून औंसापेक्षा जरा कमी वजनानं मोठा बास पकडला. नियमानुसार विक्रम मोडायला दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून दोघांचा विक्रम आज बरोबरीत आहे.

याच वेडाची तांत्रिक बाजू हवी असेल तर बिल मर्फी यांचं ‘इन पर्सूट ऑफ जायंट बास’ (१९९२). कॅलिफोर्नियात मोठ्या बाससाठी ते आमिष इतकं सावकाश ओढत, बोटांनी दोरी इंच-इंच गोळा करत, की वाचतानाच धीर सुटतो. जुनी प्रत महाग पडते.

१४. बासची पिल्लं मागवून तलावात सोडली तर? जपानमध्ये तरी आहेतच की.

कृपा करून असं कधीही करू नका. जपानमध्ये १९२५ साली आशी सरोवरात बास सोडला गेला. पुढे तो देशभर पसरला, स्थानिक मासे खात सुटला, आणि २००५ मध्ये जपानला कायदा करून त्याची ने-आण आणि सोडणं बंद करावं लागलं. जगातल्या सर्वांत घातक शंभर परक्या जीवजातींच्या यादीत लार्जमाउथ बासचं नाव आहे. आपल्या तळ्यांत तिलापिया आणि मत्स्यालयातून सोडलेले सकर मासे आधीच पुरेसं नुकसान करत आहेत. बास पुस्तकातच राहू द्या.

१५. पुस्तक वाचलं, आता ठाणे-नवी मुंबईत बसू कुठे?

कुठे बसू नये ते आधी. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे मासेमारी चालत नाही. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं. त्या हद्दीत हौसेनं गळ टाकायला जाऊ नका. हद्द कुठवर हे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात विचारता येईल. शहरातल्या तलावांवर महापालिकेचे नियम असतात आणि काही ठिकाणी मासेमारीचा ठेका दिलेला असतो. आधी विचारा. रीतसर शिकायचं असेल तर पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे, सभासदत्वाची चौकशी करा. आणि पवईत मगरी आहेत हे लक्षात ठेवून पाण्यात पाय सोडून बसू नका.

खाडीच्या चिखलात एकट्यानं उतरू नका. भरती मागून येते.

१६. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे मासा सोडून द्यायचा की घरी आणायचा?

खायला नेणार असाल तर गरजेपुरताच न्या, त्यात काही चूक नाही. सोडणार असाल तर पुस्तकातल्या सूचनांत एक भर घाला: आपलं पाणी गरम असतं आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो, त्यामुळे दमलेला मासा सावरायला जास्त वेळ घेतो. हात ओले करा, गळाचा उलटा काटा आधीच पकडीनं दाबून टाका, आणि मासा तापलेल्या दगडावर ठेवू नका. मरळ हवेतून श्वास घेते म्हणून तग धरते. जिताडा आणि कटला-रोहू तेवढे कणखर नाहीत. मोठ्या जिताड्याबद्दल प्रश्न ८, पिल्लांवरच्या मरळीबद्दल प्रश्न ७.

१७. चार पुस्तकं वाचली, तरी मासा लागत नाही. कुठे चुकतंय?

आणखी पाचवं पुस्तक मागायला येणाऱ्यांना मी सध्या शंभर पानी वही देतो. तारीख, तिथी, भरतीची वेळ, पाण्याचा रंग, वारा, कुठे बसलो, काय लावलं, काय झालं. मासा न लागलेल्या दिवसांची नोंद जास्त काळजीनं करायची. तीन महिन्यांनी वही आणि पुस्तक शेजारी ठेवून वाचायचं.

कळव्याच्या एका मित्राची अशी वही परवा माझ्याकडे आली. सव्वीस नोंदी होत्या, त्यातल्या एकोणीस कोऱ्या हातानं परतल्याच्या. उरलेल्या सातही वेळा पाणी उतरायला लागून तास-दीड तास झाला होता आणि तो उघाडीच्या डाव्या अंगाला बसला होता. त्याला स्वतःला ते वाचेपर्यंत कळलं नव्हतं. आता तो बर्गमन परत घेऊन गेलाय, वाऱ्याच्या जागी ओहोटी धरून वाचणार म्हणाला.